चिचुंद्री थांबली होती

चाहूलरावांचं खरं नाव स्टुडिओत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्या दोघा-तिघांना ठाऊक होतं त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं. हा गृहस्थ गेली एकतीस वर्षं जनावरांची पावलं वाजवत होता. जंगलावरच्या, नदीवरच्या, वाळवंटावरच्या माहितीपटांत वाघ पाचोळ्यातून चालत येतो, हरिण बिचकून उडी मारतं, कासवीण वाळू उकरते, तेव्हा जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा त्या प्राण्यांनी केलेलं नसतं. ते चाहूलरावांनी एका तळघरातल्या खोलीत, गुडघ्यांवर बसून, घाम पुसत केलेलं असतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग थोडे रागावतात. चाहूलरावांना दोन्हीची सवय झाली होती.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना फोमचे पट्टे आणि जमिनीवर मांडलेले लाकडी ट्रे. एकात कोरडी माती, एकात चिखल, एकात खडी, एकात पाचोळा. पाचोळा दर पंधरा दिवसांनी बदलावा लागे, कारण बोटांखाली चुरून त्याची कुरकुर जाते आणि नुसती भुसभुस उरते. बर्फ म्हणजे कॉर्नफ्लोअर ठासून भरलेली कापडी पिशवी. ती मुठीत दाबली की ध्रुवावरचं अस्वल एक पाऊल टाकतं. गवत म्हणजे जुन्या कॅसेटींतून उपसलेल्या टेपचा गुंता. गरुडाचे पंख म्हणजे चामडी हातमोज्यांची जोडी, आणि अजगर म्हणजे गाडी पुसायचं ओलं फडकं, प्लायवूडवरून सावकाश ओढलेलं. बायको तिथे एकदाच आली होती. सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, "एवढ्यासाठी माझी चांगली छत्री घरातून पळवलीत?" छत्री म्हणजे वटवाघूळ होतं, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

मेहुण्याने एकदा जेवताना विषय काढला. "म्हणजे ही शुद्ध फसवणूक झाली की, भावोजी." चाहूलरावांनी हातातला घास खाली ठेवून त्याला समजावलं. कॅमेऱ्याचं भिंग दोनशे पावलांवरून हरणाच्या पापण्या दाखवतं, पण माइक काही तेवढ्या लांबून ऐकत नाही. ऐकलंच तर त्यात कॅमेरावाल्याची शिंक येते, वारा येतो, वरून जाणारं विमान येतं. आणि मुकं जनावर माणसाला पटत नाही. पाय टेकल्याचा आवाज आला नाही तर बघणाऱ्याला ते नुसतं चित्र वाटतं. आवाज आला की त्याला वजन येतं, आणि मग त्याचं पुढे काय होणार याची काळजी वाटायला लागते. "काळजी वाटावी म्हणून तर हा सगळा खटाटोप," चाहूलराव म्हणाले. "ज्याची काळजी नाही ते कोण राखतो?" मेहुण्याने मान हलवली आणि भाजी मागितली. त्याला पटलं की नाही कोण जाणे. चाहूलरावांनी स्वतःपुरता एक नियम मात्र घालून घेतला होता आणि एकतीस वर्षं पाळला होता: जनावराने जे केलं नाही ते आपण वाजवायचं नाही. त्याने पाय उचलला असेल तरच आपलं पाऊल.

आता कानांची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते आणि शेजारी नात गणिताची वही घेऊन बसली होती. चाहूलराव बराच वेळ बाहेरच्या झाडांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी नातीला कीटकनाशकांवर चांगलं दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. फवारण्यांनी रातकिडे कसे संपले, रातकिडे संपले की पाखरं कशी संपतात, आपण सगळे कसे डोळ्यांवर कातडं ओढून बसलोय. आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला शांतता बरोबर ओळखू येते, असंही काहीतरी ते बोलून गेले. नात शहाणी, तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजोबा, किती ओरडतायत ते. मला गणित सुचत नाहीये."

त्या संध्याकाळी जे कळलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. गाड्यांचे हॉर्न, दाराची कडी, समोरासमोरचं बोलणं, सगळं येत होतं. बारीक, टिपेच्या आवाजांचा वरचा थर तेवढा गेला होता. वयाने तो सगळ्यांचाच जातो, पण सगळ्यांची भाकरी काही कानांवर नसते. कान गेले तर ती खोली गेली, आणि खोली गेली तर आपण कोण, या प्रश्नाला अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायची उमेदही उरली नव्हती.

मग लपवाछपवी सुरू झाली. काम करताना समोरच्या पडद्यावर चित्राखालून एक हिरवी पट्टी सरकत जाते. मूळ ध्वनी जिथे असेल तिथे तिला उंचवटे येतात. चाहूलराव कानांऐवजी डोळ्यांनी काम करायला शिकले. उंचवटा आला की तिथे काहीतरी आहे असं धरायचं, चित्र बघून काय आहे ते ताडायचं, आणि कुणी काही बोललं की समजल्यासारखी मान डोलवायची. अशी दोन वर्षं आणि चार माहितीपट काढले. पूर्वी दिवसभर गुडघ्यांवर रांगून अंग दुखायचं, पण रात्रीच्या झोपेने ते जायचं. आता सावध राहण्याचाच शीण चढे आणि तो झोपेने जात नसे. कधी कधी स्टुडिओच्या पायऱ्या उतरताना त्यांना वाटे, आजच कुणीतरी आपल्याला पकडावं आणि एकदाचं सुटावं. पण कुणी पकडत नव्हतं.

पाचवा माहितीपट एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारावर होता. दिग्दर्शक त्यांच्या मुलाच्या वयाचा, मनाने चांगला, झोप कमी झालेला. वाघ-सिंह पुष्कळ झाले, असं त्याचं म्हणणं. ज्यांना बघितलं की आपण झाडू उचलतो त्यांच्यावर त्याला चित्रपट करायचा होता: घुशी, पाली, गांधीलमाश्या, चिचुंद्र्या. तो शाळाशाळांतून दाखवला जाणार होता. चाहूलरावांना ही कल्पना मनापासून आवडली होती. चिचुंद्रीला आजवर कुणी पावलं दिली नव्हती.

कॅमेरावाला, ज्याला सगळे बगळा म्हणत, त्या आवारात एकोणीस दिवस पोत्यांखाली पालथा पडून होता. त्याला जे मिळालं ते बघून दिग्दर्शक दोन दिवस नीट जेवला नाही. चिचुंद्री बिऱ्हाड हलवत होती. आई पुढे; पहिल्या पिल्लाने तिच्या शेपटीजवळची कातडी दातांत धरलेली, दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची, अशी पाच पिल्लांची माळ भिंतीच्या कडेकडेने निघाली होती. फुटक्या पाइपापाशी शेवटच्याचे दात सुटले. माळ पुढे गेली आणि ते एकटं मागे राहून ओरडायला लागलं. बगळ्याने पाइपाशी एक छोटा माइक लपवून ठेवला होता, त्यामुळे हे ओरडणं खरंखुरं, जागेवरचं मिळालं होतं. आई मागे फिरली, पिल्लापाशी आली, ते पुन्हा चिकटलं आणि माळ पूर्ण झाली.

यात एक गोची होती. आई थांबून वळली नेमक्या त्याच क्षणी बगळा कॅमेरा पिल्लाकडे नेत होता, म्हणून वळणं सगळं धुरकट आलं. दिग्दर्शकाने ते कापून टाकलं. आता चित्रात होतं ते असं: आईचं नुसतं नाक, जवळून, मिशा थरथरताना, मग एकटं पिल्लू, तोंड वासलेलं, मग पुन्हा आईचं नाक, आणि मग लांबून परत येणारी आई. तिचे पाय कुठेच दिसत नव्हते. ती कधी थांबली हे चित्र सांगत नव्हतं. ते चाहूलरावांच्या बोटांनी सांगायचं होतं.

त्या कामासाठी त्यांनी उजव्या हाताची नखं महिनाभर वाढवली होती. ती आईची. डाव्या हाताच्या बोटांना जुन्या टूथब्रशचे कापलेले केस चिकटपट्टीने बांधले, ती पिल्लं. ओलसर मातीवर थोडा पाचोळा, वर माइक, कानांवर मूळ ध्वनी ऐकायचे हेडफोन, आणि काचेपलीकडे मिक्सिंगवाली. तिला सगळे चाळणी म्हणत, कारण दहा आवाजांच्या गोंधळातून नको तो एक आवाज ती गाळून काढू शके. बावीस वर्षं ती आणि चाहूलराव एका काचेच्या दोन बाजूंना बसत आले होते. दोघांत बोलणं कमी आणि चहा जास्त.

"काका, ती हिरवी पट्टी आज नको," दिग्दर्शक म्हणाला. "तिच्याकडे बघून काम केलं की यांत्रिक होतं. तुम्ही फक्त चित्र बघा. मन लावून."

चाहूलरावांनी पडद्याच्या रिकाम्या खालच्या कडेकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले.

चित्र सुरू झालं. तर्रर्र, तर्रर्र, नखं पाचोळ्यातून निघाली, मागून केसांची बारीक सुरसुर. आईचं नाक आलं. चाहूलराव चालत राहिले. पडद्यावर पिल्लू तोंड वासून दिसलं त्या क्षणी त्यांनी हात जागच्या जागी थांबवले. ओरडणं इथेच सुरू होत असणार, हा त्यांचा अंदाज. अंदाज साधा होता, आणि चुकीचा होता. संकलन करणारे बहुतेकदा आवाज आधी आणतात आणि चित्र मागून. पिल्लू ओरडायला लागतं तेव्हा पडद्यावर अजून आईचंच नाक असतं, म्हणजे बघणाऱ्याचे कान आधी पिल्लाकडे वळतात आणि मग डोळे. हे चाहूलरावांनी शंभर वेळा पाहिलेलं होतं, नव्या पोरांना शिकवलेलंही होतं. पण कान नसले की शिकवलेलं आठवत नाही. चार सेकंद त्यांची चिचुंद्री स्वतःच्या पिल्लाच्या हाकांवरून चालत गेली.

काचेपलीकडे चाळणीने मान वर केली, मग खाली घातली. "मिळालं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाहूलराव खाली उतरले तेव्हा दिग्दर्शक खुर्चीत मावत नव्हता. "काका, बसा. बसा इथे. काय केलंत हे तुम्ही." त्याने तुकडा लावला आणि आईच्या नाकावर बोट ठेवलं. "पिल्लू इथून ओरडायला लागतं. ऐका. आणि ही चालतेच आहे. ऐकतेय आणि चालतेय. चार सेकंद. माझ्या अंगावर काटा आला. मी एवढे दिवस त्या प्रसंगात काय कमी आहे ते शोधत होतो." त्याने निवेदनाचा कागद पुढे केला. जुनं वाक्य खोडलेलं होतं आणि वर नवं लिहिलेलं होतं: चार जिवांना जगवायचं तर पाचव्याची हाक ऐकूनही पुढे जावं लागतं, चिचुंद्रीला हे ठाऊक आहे. निवेदक उद्या दुपारी येऊन ते वाचणार होता.

चाहूलरावांनी कागद दोनदा वाचला. आपण कुठे चुकलो ते त्यांना बोट ठेवल्या ठेवल्या कळलं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या पावलांचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ज्याचं होत होतं ती त्यांची आजवरची सगळ्यात मोठी चूक होती. तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी ते उघडलंही, पण त्यातून "हं, बरं झालंय" एवढंच बाहेर आलं. चाळणी बटणांकडे बघत होती. ते मुकाट्याने वर आले आणि घरी निघाले.

घरी बायको टेबलाशी बसून भाजी निवडत होती. चाहूलराव समोर बसले आणि टेबलाच्या कडेवर नखं वाजवत राहिले. ती काहीतरी म्हणाली. मग हातातली भाजी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तिसऱ्यांदा विचारतेय. चहा हवा की नको?"

"मला ऐकू येत नाही," चाहूलराव म्हणाले. चहाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, ते हेच बोलून गेलं. मग सगळंच सांगितलं. रातकिडे, हिरवी पट्टी, चिचुंद्री, चार सेकंद.  बायकोचे डोळे भरून आले तेव्हा त्यांना वाटलं, आपली कीव आली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझा कंटाळा आलाय. आतून काही विचारलं तर उत्तर नाही. म्हणून मी विचारणंच कमी केलं. बहिरे झालात हे तरी सांगायचं होतंत. मी रोज इथे बसून माझं काय चुकलं ते शोधत होते."

 नोकरी जाईल म्हणून चाहूलरावांनी जे लपवलं होतं त्याने घरात हे करून ठेवलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि इतकं थकल्यासारखं वाटलं की टेबलावर डोकं ठेवून तिथेच झोपावं. बायकोने उठून चहा टाकला. कप पुढे ठेवताना ती त्यांच्या अगदी जवळ वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "उद्या. सांगून. टाका." एवढं मोठ्याने बोलायची गरज नव्हती, पण त्यांनी तिला तसं सांगितलं नाही.

सकाळी चाळणी येण्याआधीच चाहूलराव तिच्या दाराशी उभे होते. ती आली, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.

"तुला माहीत आहे," चाहूलराव म्हणाले.

"आहे." तिने पिशवी खुंटीला अडकवली. "पाणकोंबडीच्या माहितीपटापासून. तुमचं स्टूल करकरत होतं आणि तुम्ही तसेच वाजवत राहिलात. तुम्ही, ज्यांनी मला एकदा काचेपलीकडून टिकटिक येते म्हणून मनगटातलं घड्याळ काढायला लावलं होतं. ते स्टूल मी चार चित्रपट गाळतेय. कुठे बारीक काही राहिलं तर भरतेय. ही पावलंही काल सकाळी मी गुपचूप कापणार होते. दिग्दर्शक साहेब माझ्या आधी येऊन बसले."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून." ती खुर्चीत बसली. तीही दमलेली दिसत होती. "चुकलंच माझं. मी झाकत गेले म्हणून गोष्ट इथवर आली. पण तुमच्या जागी दुसरं कुणी त्या काचेमागे बसलेलं मला बघवलं नसतं."

 चाहूलरावांना राग यायला हवा होता, पण तेवढं त्राण नव्हतं. "ऐकव मला ते पिल्लू," शेवटी ते म्हणाले.

"कसं ऐकवू?"

"वटवाघळांचं करतेस तसं. खाली उतरव."

तिने आवाज घेतला, त्याचा सूर खाली आणला, आणखी खाली आणला. मूळचा टिपेचा आवाज उतरत उतरत चाहूलरावांच्या कानांच्या टप्प्यात आला. हेडफोनमध्ये काहीतरी हललं. मग एक हाक आली. बारीक नव्हतीच ती आता; जाडसर, घोगरी, पण हाकच. चाहूलरावांनी डोळे मिटले. दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येक हाक आधीपेक्षा किंचित लांबत होती आणि मध्ये थांबून पिल्लू उत्तराची वाट बघत होतं, हे अगदी स्पष्ट कळत होतं. एकूण अकरा हाका होत्या. पहिल्या सातांवरून त्यांची चिचुंद्री चालत गेली होती.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "एवढं ओरडत होतं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"बगळ्याच्या टिपणात आहे," चाळणी हलकेच म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती पुन्हा, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "बगळ्याने लिहून ठेवलंय. पहिल्याच हाकेला आई थांबली. लगेच वळली."

दिग्दर्शक दहा वाजता आला. चाहूलराव उभे राहिले, कारण बसून हे बोलता आलं नसतं. "ते चार सेकंद चूक आहेत," ते म्हणाले. "मला पिल्लू ऐकू आलं नाही. मला आता ते ऐकूच येत नाही. तोंड दिसलं तेव्हा मी थांबलो. ती पहिल्या हाकेला थांबली होती."

दिग्दर्शक त्यांच्याकडे आणि मग चाळणीकडे बघत राहिला. त्याचा आधी विश्वास बसला नाही, मग त्याला वाईट वाटलं, आणि मग, तो दिग्दर्शक असल्यामुळे, त्याला आपला प्रसंग आठवला. "काका, तुमच्या कानांचं आपण नंतर बघू. पण चुकून झालं असलं तरी परिणाम बघा ना. माणूस हलतो तिथे. आणि सगळा चित्रपट असाच तर बनतो. पाचोळा तुमच्या ट्रेमधला, पाय तुमच्या नखांचे. मग चार सेकंदांचंच एवढं काय?"

प्रश्न वाजवी होता. मेहुण्याला दिलेलं उत्तर इथे पुरणार नव्हतं हे चाहूलरावांना कळत होतं. त्यांनी उजव्या हाताची वाढलेली नखं पुढे धरली.

"पाय माझे असतील, चाल तिची असते," ते म्हणाले. "तिने जे केलं ते लोकांना नीट कळावं म्हणून मी वाजवतो. हिला लोक आधीच झाडूने मारतात. आता शाळेतल्या पोरांना आपण सांगणार, ही पोटच्या पोराची हाक ऐकून पुढे जाते. ती गेलीच नाही हो. तिच्यावर हा आळ माझ्या बहिरेपणामुळे आलाय. आणि दुसरं सांगतो. ते ओरडणं इतकं बारीक आहे की बघणाऱ्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ते येणारच नाही. कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांना येणार नाही. त्यांना पिल्लाने हाक मारली हे कशावरून कळणार? आईचे पाय थांबले यावरूनच. माझ्यासारख्यांना तेवढाच आधार आहे."

 दिग्दर्शकाने खिशातून निवेदनाचा कागद काढला, नवं वाक्य वाचलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. त्याला ते जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. "जुनंच राहू दे," तो म्हणाला. "निवेदक दोनला येतोय. तोवर पावलं परत मिळतील?"

"मिळतील. आणि पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघा. ही माळ शेवटची."

"काका, घाई नको. पट्टी लावून करता येईल की."

"दोन वर्षं तेच केलं," चाहूलराव म्हणाले. "त्यात मी इकडेही नव्हतो आणि घरीही नव्हतो. आता नाही."

दिग्दर्शकाने मान हलवली. आग्रह त्याने केला नाही. चाहूलरावांच्या मनाला ते थोडं लागलं, आणि बरंही वाटलं.

ते आत गेले, गुडघ्यांवर बसले, डाव्या हाताला टूथब्रशचे केस बांधले. पाचोळा परवाचाच होता पण अजून कुरकुरत होता. चाळणी काचेमागे बसली नाही. हेडफोनची लांब वायर ओढत ती आत आली आणि ट्रेच्या पलीकडे, त्यांच्यासमोर, जमिनीवर मांडी घालून बसली. पिल्लाने पहिली हाक मारली की ती बोट वर करणार होती, आणि ओरडणं चालू असेतोवर ते वरच ठेवणार होती. बावीस वर्षांत ती काचेच्या या बाजूला पहिल्यांदाच येत होती.

चित्र सुरू झालं. चाहूलरावांनी पडद्याकडे बघितलं नाही. नखं निघाली, मागून सुरसुर निघाली. चाळणीचं बोट वर गेलं आणि चाहूलरावांचे दोन्ही हात जागच्या जागी थांबले. खोलीत काहीही आवाज नव्हता. चाहूलरावांनी श्वासही धरून ठेवला होता. मग त्यांनी उजवा हात वळवला आणि नखं परत निघाली, आधीपेक्षा भरभर, मागची पिल्लं अडखळत, पाचोळा उडवत. त्यांची नजर त्या बोटावरून हलत नव्हती. बोट वरच होतं. ते वाजवत राहिले. गुडघ्यांतून कळा येत होत्या, मनगट भरून आलं होतं, आणि पिल्लू अजून ओरडत होतं.

बोट खाली आलं. चाहूलरावांनी हात मातीवर टेकवले. चाळणीने हेडफोन कानांवरून मागे सारले. माइक चालू होता, म्हणून त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, "पोचली?"

चाळणीने मान डोलवली.